थंड बोळ, गरम बोळ

२१ सप्टेंबर, सोमवार

आज इंजिनिअर मोन्तेसने सगळ्यांना उभं करून भाषण केलं. चाळीस मिनिटं. खुर्च्या होत्या, पण बसा म्हणाला नाही.

बावीस ऑक्टोबरला राजधानीतून ऑडिटवाली बाई येणार. ती तीन गोष्टी बघणार. एक, मशिन बंद पडता कामा नये, एक मिनिटसुद्धा नाही. दोन, परकं माणूस आत येता कामा नये. तीन, वीज कमी जळली पाहिजे. पास झालो तर बरं. नापास झालो तर सान मातियासचं हे डेटा सेंटर बंद, मशिन ट्रकात घालून मोंतेरेला, आणि मशिन सांभाळणारी माणसंही ट्रकामागून.

मशिन सांभाळणारी माणसं म्हणजे माझी नात इत्सेल.

मला काही फरक पडत नाही. तिची आई उत्तरेला गेली ती तिकडचीच झाली, तेव्हा ही चार वर्षांची. तेव्हापासून माझ्या डोक्यावर आहे. आता सव्वीसची घोडी झाली. गेली तर खोली मोकळी होईल, कोंबड्या ठेवीन. पण मोंतेरेच्या लोकांना धड आमटी करता येत नाही. बीन्समध्ये मीठ नंतर घालतात म्हणे. एवढ्यासाठीच म्हणते.

कागदावर मी इथली फरशी पुसणारी. पण बाकी सगळे पडद्याकडे बघत बसतात, खाली बघणारी मी एकटी. म्हणजे घर कोणावर उभं आहे ते कळलंच.

संकल्प: तिन्ही गोष्टी मी हातात घेते. महिनाभर पुष्कळ झाला. चार मुली तीन वर्षांत उजवल्यात मी.

इथला नियम आहे, जे केलं ते तारीख-वेळ घालून लिहायचं. इंजिनिअरची वही टेबलावर असते. ही माझी, एप्रनच्या खिशात.

२३ सप्टेंबर, बुधवार. सकाळी ९

इंजिनिअरला विचारलं, वीज किती जळते ते सांग. आधी हसला. मी हलले नाही, म्हणून सांगितलं. सगळ्या इमारतीने खाल्लेली वीज घ्यायची, तिला फक्त मशिनने खाल्लेल्या विजेने भागायचं. एक आलं तर देवाघरचं काम. आपलं येतं एक पूर्णांक साठ.

भागाकार मला शाळेत आला नाही, कारण तो शिकवायच्या आत शाळा सुटली. पण हे समजलं. एक तोर्तिया भाजायला एकीचं सरपण पुरे, तर हे लोक एक आणि वर अर्धीहून जास्त एवढं जाळतात. मी म्हटलं, चुलीत दोष आहे. तो म्हणाला, दोष नाही दोन्या कासिल्दा, मशिनला थंड ठेवायला एसी लागतो, तो ती वीज खातो. मी म्हटलं, मग एसी बंद करा. तो म्हणाला, मग मशिन बंद पडेल. मी म्हटलं, मग कमी ठेवा. तो म्हणाला, तोच तर सगळा प्रश्न आहे, आणि उठून गेला. प्रश्न सापडला की उत्तर माझं मी काढते.

आणखी एक बघून ठेवलं. इथे सगळं दोन-दोन आहे. दोन जनरेटर, विजेच्या दोन वायरी, एसीची दोन धुडं. एक राबतं, दुसरं नुसतं घुरघुरत बसतं, पहिलं मेलं तर असावं म्हणून. म्हणजे दोन नवरे. एक शेतावर, दुसरा ओट्यावर पीत बसलेला, पहिल्याची वाट बघत. इत्सेलला हे सांगितलं तर म्हणाली, आजी, यालाच भरवसा म्हणतात. मी म्हटलं, मला एक होता आणि तोच ओट्यावरचा निघाला.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

मंगळवार आणि शुक्रवार आतल्या हॉलचा दिवस. एकटीने जायचं नाही, बरोबर कार्डवालं माणूस लागतं. माझ्याबरोबर इत्सेल. मशिनच्या कपाटांच्या रांगा आहेत, त्यांच्यामध्ये बोळ. एक थंड बोळ, पुढचा गरम, मग पुन्हा थंड. थंड बोळात फरशीला जाळ्या, जाळीतून खालून गार वारं येतं. कपाटं ते पुढून पितात आणि मागून गरम सोडतात.

इत्सेल त्या जाळीवर उभी होती. पायात पातळ चप्पल. खालून बर्फासारखं वारं थेट पोटऱ्यांतून वर. बाहेर ऊन, तिच्या अंगाला घाम. माझा दीर अबुंदियो इस्त्री करून उठला आणि तसाच फ्रिज उघडला, तर तोंडावरून वारं गेलं. अजून डाव्या बाजूने हसतो आणि उजव्या बाजूने पितो. आणि इथे ही पोर रोज आठ-आठ तास फ्रिजच्या पोटात उभी.

तिला म्हटलं. म्हणाली, आजी, विज्ञान शिक.

विज्ञान शिकले. घरून जुनं जाड पांघरूण आणलं होतं बादलीत घालून, फरशी पुसायला म्हणून. ती फोनवर गेली तेवढ्यात कात्रीने सहा तुकडे केले आणि सहा जाळ्या झाकल्या. काळं पांघरूण, काळी फरशी, कोणाला दिसायचं नाही. वारं वाया जायचं थांबलं. वीजही वाचणार. एका दगडात दोन पक्षी.

२९ सप्टेंबर, मंगळवार

हॉलमध्ये मशिन मोठ्याने गायला लागल्यात. पंखे जोरात. ऐकायला बरं वाटतं, घर भरल्यासारखं.

इंजिनिअरचे डोळे लाल. आकडा १.७१ वर गेला म्हणे. तीन दिवस कारण शोधतोय. गेटवरच्या नासारियोवर ओरडला, गेट उघडं ठेवतोस म्हणून आत उकडतं. नासारियो गेटवर अकरा वर्षं झोपतोय, त्याच्यावर पहिल्यांदाच काहीतरी उघडं ठेवल्याचा आळ आला. तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी इंजिनिअरला लिंबाच्या पानांचा चहा करून दिला आणि सांगितलं, असे आकडे चढतात-उतरतात, माझा रक्तदाबही तसाच आहे.

११.३०. इत्सेलने पांघरूण शोधलं. सहाही तुकडे गोळा करून माझ्यासमोर टाकले. बोलली नाही, हे वाईट. मग बोलली, हे जास्त वाईट. म्हणाली, आजी, ते वारं माणसांसाठी नाही, मशिनसाठी आहे, ते अडवलंस म्हणून मशिन तापल्या. मी म्हटलं, मशिनला तोंड आहे का वाकडं व्हायला. तुला आहे. आणि ते आधीच फारसं सरळ नाही.

इंजिनिअरला तिने सांगितलं की जाळ्यांत धूळ अडकली होती, साफ केली.

४.००. आकडा परत १.६० वर. म्हणजे सफाईने आकडा अकराने उतरला. सफाई कोण करतं ते इंजिनिअरला ठाऊक आहे.

संकल्प: आता ऑडिटपर्यंत हॉल रोज पुसायचा. त्याला सांगितलं. तो पडद्याकडे बघत हो म्हणाला, आणि रोज सोबत कोण देणार म्हणून मला कार्डच दिलं.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

आज दुसरी गोष्ट हातात घेतली. परकं माणूस.

नासारियो गेटवर सगळ्यांना ओळखतो, हाच त्याचा दोष. तामालेवाली आत, टँकरवाला आत, त्याच्या मेव्हण्याचा कुत्रा आत. पहारेकऱ्याने कोणालाही ओळखता कामा नये. बारा वाजता तो गोर्दिता खायला रस्त्यापलीकडे गेला, तेव्हा आतल्या काचेच्या दारात मी पोछा घेऊन उभी राहिले.

१२.१०. इंजिनिअर मोन्तेस दाराबाहेर. कार्ड गाडीत, गाडीची किल्ली आत टेबलावर. काचेवर टकटक. म्हणाला, दोन्या कासिल्दा, आतलं हिरवं बटण दाबा. मी म्हटलं, कार्ड. म्हणाला, मी मोन्तेस. मी म्हटलं, चोर काय आपलं नाव चोर सांगेल का. म्हणाला, तुम्ही मला दोन वर्षं रोज बघता. मी म्हटलं, म्हणूनच विश्वास नाही.

१२.२५. आत कुठेतरी अलार्म वाजायला लागला. एसीखाली पाणी साचलं की तो वाजतो. इंजिनिअर काचेवर दोन्ही हात ठेवून काहीतरी बोलत होता. जाड काच आहे, ऐकू येत नाही. मान हलवली.

१२.५०. इत्सेल मागून जनरेटर बघून आली आणि तिने बटण दाबलं. चाळीस मिनिटं परका माणूस रोखला. एकट्या बाईने. इंजिनिअर माझ्यासमोरून धावत गेला, एक शब्द बोलला नाही. मानाने माणूस गप्प होतो.

५ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिसातून पत्र आलं. शिक्का आहे, दोन सह्या आहेत, माझं पूर्ण नाव दोनदा आहे. शेवटपर्यंत वाचवलं नाही, अक्षर फार बारीक. फ्रेम करून कपाटावर संत सान मातियासच्या तसबिरीशेजारी ठेवलं.

इत्सेलने बघितलं. म्हणाली, आजी, अशा पत्रांना फ्रेम करत नाहीत. मी म्हटलं, तुला आजवर एक तरी आलं का. म्हणाली, नाही. मी म्हटलं, मग.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

आठवडाभर पाऊस. ऑक्टोबरात असा पाऊस म्हणजे मिरचीचं वाटोळं. माझी पासिया मिरची गच्चीवर पडलीय, काळी पडायच्या आधी बुरशी धरणार. शेजारच्या रेफूखियोचीही तीच गत. तिच्या थोरल्याला बाप्तिस्म्याला मीच हातात धरलं होतं, तेव्हा तिची मिरची ती माझीच.

हॉलमध्ये शेवटच्या रांगेमागचा गरम बोळ पुसत होते. तिकडे कोणी येत नाही, उकडतं म्हणून. कपाटांच्या पाठीतून कोरडी, गरम, सारखी हवा येते. ना धूर, ना राख. आणि ही हवा एसीला पुन्हा गार करावी लागते. म्हणजे आधी वीज जाळून ऊब करायची आणि मग वीज जाळून ती ऊब मारायची. असा संसार माझ्या सासूनेही केला नाही.

इत्सेलला विचारलं, या उबेचं काय करता. म्हणाली, परदेशात काही ठिकाणी याच्यावर घरं गरम करतात, आजी, आपल्याकडे फुकट जाते. म्हणजे परदेशातल्यांना जे सुचलं ते मला सुचलं.

१० ऑक्टोबर, शनिवार

बादलीतून चार किलो मिरची नेली. नासारियो पिशव्या तपासतो, पण बाहेर जाताना. त्याचं म्हणणं, चोर वस्तू बाहेर नेतो, आत आणत नाही. या खात्यात हा एकच नियम मला मनापासून पटलाय.

कपाटांच्या पाठीमागे वर वायरींसाठी लोखंडी शिडी आडवी टांगलेली आहे. मिरच्या ओवून तिला माळा बांधल्या. सात. दिसतं सुंदर.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

मिरची वाळतेय. तीन दिवसांत उन्हातलं दहा दिवसांचं काम. रेफूखियोची सहा किलो आणली. तिने आणखी दोघींना सांगितलं. मी कोणालाही सांगू नको म्हटलं होतं, म्हणून दोघींनाच.

आता बोळात: मिरचीच्या अठरा माळा, तामालेसाठी मक्याची सालं दोन गोण्या, संत्र्याच्या साली, रेफूखियोच्या मुलीचा शाळेचा गणवेश. गणवेश कॅमेऱ्यावर टांगला, तिथे हवा चांगली येते. नासारियोला पडद्यावर त्या जागी निळं दिसतं. त्याने फुटबॉलसाठी तो पडदा तसाही बदललेला असतो.

इत्सेल म्हणाली, आजी, मोलेचा रस्सा केल्यासारखा वास येतो. मी म्हटलं, तुझ्या डब्यातून. म्हणाली, हॉलमध्ये काही जाळू-बिळू नकोस, छताला बारीक भोकांची नळी आहे, ती सारखी हवा हुंगते, कणभर धूर आला तरी आगीचा अलार्म देते. मी म्हटलं, मी कशाला जाळीन. वाळवतेय. म्हणजे असं मनात म्हटलं.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ६

पाऊस गेला, थंडी आली. सकाळी तोंडातून वाफ. आणि आत एसीची धुडं घों-घों करतायत. हॉलला मागे एक दार आहे, आग लागली तर पळायला. त्यापलीकडे निवडुंग, माळ, आणि फुकटची थंडी. उघडलं.

दार उघडं राहिलं की टीं-टीं वाजतं. चौकटीत वर एक डबी आहे, दारात तिची जोडीदार. दार लांब गेलं की ती रडते. पुष्कळ गप्प केली, ऐकेना. शेवटी माझ्या एप्रनला व्हर्जिन मातेची फ्रिजवर चिकटवायची मूर्ती होती, ती डबीवर टेकवली आणि म्हटलं, आई, एवढं बघ. लगेच गप्प. पुन्हा काढून बघितली, टीं-टीं. पुन्हा लावली, गप्प. चमत्कार यापेक्षा वेगळा असतो का.

दाराला बादली लावली आणि आठपर्यंत माळावरचं वारं आत घेतलं.

२० ऑक्टोबर, मंगळवार

आकडा १.४८.

इंजिनिअरने तीन वेळा भागाकार केला. मग खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेला आणि परत आला. राजधानीला फोन केला, म्हणाला, आम्ही पहाटेच्या वेळेचं नियोजन सुधारलं आहे. आम्ही. मी पोछा पिळत होते, तो थोडा जोरात पिळला.

इत्सेल त्या आकड्याकडे बघत बसली. आनंद झाला नाही तिला. म्हणाली, आजी, कारण कळल्याशिवाय आकडा उतरला की मला भीती वाटते. ही तिच्या आईची सवय. चांगलं झालं की दाराकडे बघायचं.

मी म्हटलं, पास झालात म्हणजे कुठे जायला नको ना. म्हणाली, नको. मी म्हटलं, मला काय, मी नुसतं विचारलं.

संकल्प: बावीस तारखेला दार जरा जास्त उघडायचं. बाई येईल तेव्हा १.४० करून दाखवते.

२२ ऑक्टोबर, गुरुवार. ऑडिट

७.१५. दार सताड. बादली पुरेना म्हणून दगड लावला. माळावर वारा सुटलाय, देवाचीच कृपा.

९.०५. ऑडिटवाली आली. लिसेन्सियादा, म्हणजे पदवीवाली, बारिएन्तोस. उंच, केस ओढून बांधलेले, हसायचा खर्च टाळणारी. मला आवडली. गेटवर नासारियोने तिला ओळखत नसताना सलाम करून आत सोडलं. तिने पहिली ओळ तिथेच लिहिली.

९.४०. तिने इंजिनिअरला विचारलं, १.६० चं १.४८ कसं झालं. तो म्हणाला, नियोजन. तिने विचारलं, कसलं. तो म्हणाला, समग्र. पुढे होऊन सांगणार होते, पण इत्सेलने माझं एप्रन मागून धरलं.

१०.१०. सगळे हॉलमध्ये. इंजिनिअर, बाई, इत्सेल, मी. बाईने विचारलं, या कोण. इंजिनिअर म्हणाला, सफाई. मी म्हटलं, आणि बाकी सगळं.

१०.१५ ते १०.२६. आता बसून लिहितेय, कारण तेव्हा हात मोकळा नव्हता.

वाऱ्याचा एक लोट मागच्या दारातून गरम बोळात शिरला. बारा दिवस वाळलेली मिरची, नुसत्या हाताने मोडते अशी. माळा एकमेकींवर आपटल्या आणि लाल-काळी भुकटी उठली. पंख्यांनी ती उचलली आणि सगळ्या हॉलला वाटली. मिरचीची अशी खाट आयुष्यात बघितली नाही, आणि मी तीन लग्नांचं मोले एकटीने केलंय. बाई खोकू लागली. इंजिनिअर डोळे चोळू लागला, म्हणजे जे करायचं नसतं ते. छताच्या नळीने हुंगलं आणि आगीचा अलार्म झाला.

आगीचा अलार्म झाला की तीन गोष्टी आपोआप होतात, हे आज कळलं. सगळी दारं आपोआप उघडतात, माणसांनी पळावं म्हणून. एसी आपोआप बंद होतात, आगीला वारं मिळू नये म्हणून. आणि अर्ध्या मिनिटात छतातून गॅस सुटतो, आग विझावी म्हणून. तो सुटू नये तर भिंतीवरचं एक पिवळं बटण दाबून धरायचं. सोडलं की सुटला.

इत्सेल बटणापाशी कधी पोचली दिसलं नाही. एका हाताने बटण दाबलेलं, दुसऱ्या बाहीत तोंड, आणि ओरडत नव्हती. साध्या आवाजात सांगत होती. इंजिनिअर, डावा हात भिंतीला लावा आणि चालत राहा, सातव्या पावलावर पेटी, तिच्यात चावी, ती उजवीकडे फिरवा, एसी हाताने चालू होईल. त्याला काहीच दिसत नव्हतं. तो पावलं मोजत गेला. बाईला म्हणाली, तुम्ही खाली बसा, खालची हवा साफ आहे. मग मला म्हणाली, आजी, बकरी.

मला वाटलं शिवी दिली. वळून बघितलं तर खरंच बकरी. मागच्या दारातून आलेली, मक्याच्या सालांची एक गोणी फाडून थंड बोळात निवांत चघळत होती. गळ्यात घंटा. मी तिची शिंगं धरली. तिने मला दोन रांगा ओढत नेलं.

इंजिनिअरची सात पावलं दोनदा चुकली, तिसऱ्यांदा पेटी सापडली. एसी सुरू झाला. अकरा मिनिटं. इत्सेलचं बोट पिवळ्या बटणावरच. मशिन एकही बंद पडली नाही. एकही.

१०.४०. बाई बाहेर बाकावर. नाक, डोळे लाल. मी दूध दिलं, मिरचीला पाणी चालत नाही. पिऊन म्हणाली, तो गणवेश कोणाचा. मी म्हटलं, रेफूखियोच्या मुलीचा, चौथीत आहे. तिने ते लिहून घेतलं.

२.००. बाई गेली. एकंदरीत छान झालं. मशिन बंद पडली नाही, ही पहिली गोष्ट, आणि पहिली गोष्ट सगळ्यात मोठी असते म्हणून तर ती पहिली.

२४ ऑक्टोबर, शनिवार

इंजिनिअरने माझं कार्ड मागून घेतलं. जपून ठेवायला असणार. हल्ली वस्तू हरवतात.

मिरच्यांच्या माळा त्याने स्वतः काढल्या, हातमोजे घालून. रेफूखियोला तिची मिरची परत मिळाली. म्हणाली, उन्हातल्यापेक्षा रंग चांगला आलाय. हे ऑडिटमध्ये कोणी लिहिणार नाही.

इत्सेल तोंड पाडून डाव्या हाताने जेवत होती. मी म्हटलं, मी काय जाणूनबुजून केलं का. म्हणाली, नाही आजी. मी म्हटलं, मग तोंड का असं. म्हणाली, बोट दुखतंय. बघितलं, सुजलं होतं. निवडुंगाचा गर बांधला. म्हणाली, आजी, का करतेस हे सगळं. मी म्हटलं, तुम्हाला पास करायला. तिने चमचा खाली ठेवला. मी म्हटलं, भाजी गार होतेय.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

अहवाल आला. इंजिनिअरने पुन्हा सगळ्यांना उभं केलं, पण या वेळी भाषण छोटं.

सुरक्षा: नापास. एकतीस मुद्दे. नासारियोच्या नावावर चार, बकरीच्या नावावर दोन, बाकी नाव न घेता लिहिलेत, मोठेपणा आहे बाईचा. वीज: १.४८ रद्द, कारण तो दार उघडून मिळवला. दोन्ही गोष्टी सहा महिन्यांनी पुन्हा बघणार, तोवर सेंटर चालू. भरवसा: पास. नुसता पास नाही. इंजिनिअरने ती ओळ दोनदा वाचली. वीस वर्षांत अशी परिस्थिती मी बघितली नाही आणि अशी हाताळणीही बघितली नाही, असं बाईने लिहिलंय.

म्हणजे सेंटर बंद होत नाही. मशिन कुठे जात नाहीत. ट्रक येत नाही. माझ्या योजनेप्रमाणे सगळं झालं.

मी पोछा उचलणार तेवढ्यात इंजिनिअर म्हणाला, आणखी एक बातमी. बाईच्या शिफारशीवरून मोंतेरेच्या मुख्य ऑफिसने इत्सेलला बोलावलंय. तिथल्या लोकांना शिकवायला. संकटात काय करायचं ते. आठ नोव्हेंबरपासून.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. एका हातात पोछा होता, आवाज नीट आला नाही.

संध्याकाळी तिला म्हटलं, नको म्हणून सांग. म्हणाली, आजी, तूच तर म्हणाली होतीस तुला काही फरक पडत नाही. मी म्हटलं, मी कधी म्हटलं. म्हणाली, सप्टेंबरमध्ये, आणि त्यानंतर रोज.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

मला नवीन जागा मिळाली. इमारतीच्या बाहेरचा सगळा भाग. पार्किंग, कुंपण, गेटपासून निवडुंगापर्यंत. हॉल त्याच्यापुढे काहीच नाही, हॉलमध्ये चार रांगा होत्या. इथे क्षितिजापर्यंत आहे.

इंजिनिअरने सांगितलं की आतला भाग आता कंपनीतून येणारी माणसं पुसतील, त्यांना प्रशिक्षण आहे. मी म्हटलं, फरशीचं. म्हणाला, हो. मी जास्त बोलले नाही, तो थकलेला दिसतो.

८ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ६.३०

बस सातची. स्टँडवर गेले, कारण बाजार तिकडेच आहे. बाजार रविवारी बंद असतो, हे तिथे पोचल्यावर लक्षात आलं.

तिच्या पिशवीत मिरची घातली, दोन किलो, वाळलेली. म्हणाली, आजी, मी एकटी कुठे एवढं खाणार. मी म्हटलं, तिकडच्यांना शिकवायलाच चालली आहेस ना, आधी बीन्स शिकव. हसली. मग गळ्यात पडली. बसवाल्याने हॉर्न दिला, त्याच्याकडे मी असं बघितलं की त्याने पुन्हा दिला नाही.

७.०४. चार मिनिटं उशिरा सुटली. यांच्याकडे दोन बस असायला हव्यात.

१५ नोव्हेंबर, रविवार

मी हॉलमधून बाहेर पडल्यापासून तीन आठवडे एकही अलार्म वाजला नाही. घडी बसवून दिली की अशी चालते. इंजिनिअर ही गोष्ट सगळ्यांना सांगतो, फक्त माझं नाव घेत नाही.

दुपारी तिचा फोन. गेल्यापासूनचा पहिला. हाताखाली नऊ जण आहेत म्हणाली. खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून डोंगर दिसतो. जेवलीस का विचारलं. मी म्हटलं, न जेवायला काय झालं. काय करतेस विचारलं. मी म्हटलं, काम असतं. मग ती काही बोलेना, मीही काही बोलेना, आणि लाइनवर नुसती खरखर चालली होती.

मी म्हटलं, गप्प बसलो तरी कुठल्यातरी मशिनघरात वीज जळतेय, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कामाचं नसेल तर ठेव.

४.०२. तिने ठेवला.

४.२०. परत आलेला नाही. फोन उचलून लाइन तपासली. चालू आहे.

४.५५. चालू आहे.